एरंड : ओळख, वर्गीकरण आणि नमुना. गोव्यातल्या नवशिक्यांसाठी

गोव्यात एरंड शोधायला मोले किंवा नेत्रावळीच्या रानात जायची गरज नाही. दाट रानात तो भेटतही नाही. त्याला ऊन लागतं आणि उकरलेली, विस्कटलेली जमीन लागते. म्हणून तो रस्त्याच्या कडेला, बांधकामाचा मलबा टाकलेल्या जागी, रेल्वेच्या भरावावर, कचऱ्याच्या ढिगाजवळ, पडीक भाटाच्या (बागायतीच्या) तोंडाशी उगवतो. पाणी साचणारी खाजन जमीन त्याला मानवत नाही. जांभ्याच्या उतारावर, जिथून पावसाचं पाणी लगेच वाहून जातं, तिथे तो पुरुषभर उंच सहज होतो.

वनस्पतींचं वर्गीकरण शिकायला सुरुवात करायची तर याहून सोयीचं झाड नाही. फुलं मोठ्या झुपक्यात येतात, नर आणि मादी फुलं एकाच दांड्यावर वेगवेगळी दिसतात, फळ आडवं कापलं की आतली रचना साध्या भिंगाखाली कळते. फक्त एक सवय आधी सोडावी लागते : पान बघून नाव ठोकून द्यायची. पान तुम्हाला झाडापर्यंत नेतं, पण कुल, म्हणजे झाडाचं घराणं, ठरवतं ते फूल आणि फळ. हे लक्षात ठेवलं नाही तर सगळा खटाटोप एरंडाचं गुऱ्हाळ होऊन बसतो.

आधी काळजी

एरंडाच्या बीमध्ये रिसिन नावाचं अतिविषारी प्रथिन असतं. ते पाण्यात विरघळतं, तेलात उतरत नाही, आणि उष्णतेने निकामी होतं. म्हणूनच नीट काढलेलं एरंडेल औषधात चालतं आणि कच्ची बी चालत नाही. बीचं कवच टणक असतं. चावलेली किंवा कुटलेली बी अखंड बीपेक्षा कितीतरी जास्त घातक ठरते.

बी कापताना हातमोजे घाला. स्वयंपाकघरातली सुरी आणि पाट वापरू नका. जुनं ब्लेड आणि पुठ्ठ्याचा तुकडा घ्या आणि काम झाल्यावर दोन्ही नीट गुंडाळून टाका. ठिपक्यांच्या सुंदर बिया मुलांना खेळायला देऊ नका, त्यांच्या माळा करू नका. कोणी बी चावून खाल्ली असेल तर उलटी-जुलाब सुरू व्हायची वाट बघत बसू नका. लक्षणं काही तासांनी दिसतात, आणि या विषावर उतारा असं औषध नाही, आधाराचेच उपचार करावे लागतात. १०८ ला फोन करा किंवा थेट बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठा, आणि बी किंवा बोंड सोबत न्या. घरी उलटी करवू नका. एरंडीची पेंड खत म्हणून बागेत घालत असाल तर कुत्र्यापासून आणि गुरांपासून दूर ठेवा. तिच्यातही विष शिल्लक असू शकतं.

पहिली पायरी : झाड निवडा आणि हंगाम साधा

सोबत घ्या : दहापट मोठं दाखवणारं भिंग, ब्लेड, दोन सुया, फूटपट्टी, कात्री, वही, पेन्सिल, कागदी पाकिटं आणि जुनी वर्तमानपत्रं. पेन नको. पावसात शाई फुटते.

एरंडाला फुलं वर्षातून बऱ्याच वेळा येतात, पण अभ्यासाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यामागे कारण आहे. तापमान चढलं की एरंडाच्या दांड्यावर नर फुलांचं प्रमाण वाढतं. एप्रिल-मेमध्ये गेलात तर काही दांडे जवळजवळ नुसत्या नर फुलांचे मिळतील आणि मादी फूल शोधत बसावं लागेल. जुलैच्या मुसळधार पावसात उलट अडचण : फुलोरा कुजतो, बोंडांवर राखाडी बुरशी चढते आणि कळ्या हाताला लागताच गळतात.

असं झाड निवडा ज्यावर एकाच वेळी उमललेला फुलोरा आणि खालच्या फांदीवर हिरवी बोंडं दोन्ही आहेत. एरंड वाढत जातो तसा मुख्य दांड्याच्या खालून फांद्या फुटतात आणि त्यांच्या टोकांवर नवे दांडे येतात, त्यामुळे असं झाड मिळायला फार हिंडावं लागत नाही.

अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय फांदीही तोडू नका. खाजगी भाटात असाल तर भाटकाराला विचारा.

दुसरी पायरी : पान आणि खोड

पानाचा देठ पात्याच्या कडेला जोडलेला आहे की आत, पात्याच्या पाठीवर? एरंडात तो आत जोडलेला असतो. अशा पानाला छत्राकृती म्हणतात. पातं हस्ताकृती, सहसा ७ ते ९ खंडांचं, कधी ५ तर कधी ११. कडेला करवतीसारखे दाते. देठावर, विशेषतः पात्याला जोडतो तिथे, लहान उंचवटे असतात. त्या मधुग्रंथी. तिथे मुंग्या फिरताना दिसतात, त्यामुळे फोटो काढताना मुंग्या झटकू नका, ती उपयोगी खूण आहे.

पानं एकाआड एक येतात. कोवळ्या टोकाला पाहिलंत तर प्रत्येक नव्या पानाला झाकणारं पातळ टोपण दिसेल. ती जुळलेली उपपर्णं. ती लवकर गळतात आणि पेरावर कड्यासारखा वण ठेवतात. खोड जून झालं की आत पोकळ होतं.

आता खोडाला बोटाने घासा. पांढरी पूड निघाली तर खोडावर मेणाचा थर आहे. काही झाडांत तो अजिबात नसतो, काहींत नुसत्या खोडावर, काहींत पानांच्या खालच्या बाजूला आणि बोंडांवरही. खोडाचा रंगही हिरवा, गुलाबी, लाल, जांभळट असा बदलतो. हे सगळं वहीत लिहा, कारण वाळलेल्या नमुन्यात रंग उरत नाही. पण या फरकांवरून वेगळी जात ठरवू नका. त्याचं कारण पुढे येईल.

मग देठ तोडून रस बघा. एरंडाचा रस पाणीदार आणि स्वच्छ, पांढरा चीक नाही. नवशिके इथे हमखास अडखळतात. ‘युफोर्बिएसी म्हणजे चिकाचं कुल’ हे शेर आणि निवडुंगासारख्या झाडांमुळे डोक्यात बसलेलं असतं. या कुलाच्या अॅकॅलिफॉइडी या उपकुलात दुधी चीक नसतो, आणि एरंड त्याच उपकुलातला.

तिसरी पायरी : फसवणाऱ्या झाडांना बाजूला काढा

मोगली एरंड गोव्यात वईला (कुंपणाला) सर्रास लावतात आणि नावामुळे सगळ्यात जास्त घोळ त्याचाच होतो. तो जॅट्रोफा वंशातला. पान छत्राकृती नाही, देठ पात्याच्या हृदयाकृती बुडाला कडेवर जोडलेला. खंड ३ ते ५ आणि उथळ. कडा सरळ, दाते नाहीत. फुलाला पाकळ्या असतात, एरंडाला नसतात. फळ गुळगुळीत, बी काळी. तीही विषारी, आणि चवीला गोडसर लागते म्हणून मुलांच्या बाबतीत जास्त धोक्याची.

चांदाडा, म्हणजे मॅकॅरंगा पेल्टाटा, हा जास्त हुशारीने फसवतो, कारण त्याचं पान खरोखर छत्राकृती आहे. रस्तारुंदीसाठी कापलेल्या डोंगरकडांवर आणि कुळागरांच्या सीमेवर तो भरपूर दिसतो. पण पान अखंड असतं, त्याला खंड नाहीत. झाड चांगलं वृक्षाएवढं वाढतं. फांदी तोडली की लालसर रस येतो. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. कुल एरंडाचंच, उपकुलही तेच, वंश निराळा.

पपईचं रोपटं लांबून एरंडासारखं वाटतं. जवळ गेल्यावर पोकळ देठ आणि पांढरा चीक दिसला की विषय संपला. तिचं कुलच वेगळं, कॅरिकेसी. साबुदाण्याचा कंद, म्हणजे टॅपिओका, याच्या पानाचे खंड जवळजवळ देठापर्यंत चिरलेले आणि कडा सरळ असतात. त्यालाही चीक येतो.

चौथी पायरी : फुलोरा उघडा

हे काम सकाळी करा. उन्हं चढली की नर फुलांचे परागकोश फुटून पराग उडतात आणि तुमच्या हातात रिकामी फुलं राहतात. एरंडाचं परागण मुख्यतः वाऱ्यावर होतं. ज्यांना परागांची अॅलर्जी आहे त्यांनी तोंडावर मास्क लावावा.

फुलोरा फांदीच्या टोकाला उभा येतो. खालच्या भागात नर फुलं, वरच्या भागात मादी. बरेच जण उलटं समजतात, कारण खाली बोंडं आणि वर फुलं अशी इतर झाडांची सवय असते. इथे खालची नर फुलं झडून जातात आणि बोंडं दांड्याच्या वरच्या भागात धरतात. काही लागवडीच्या वाणांत दांडा पूर्ण मादी असतो, किंवा मादी फुलांच्या मध्ये नर फुलं विखुरलेली असतात. तेव्हा एकच दांडा पाहून निष्कर्ष काढू नका, तीन-चार झाडं बघा.

एक नर फूल कागदावर ठेवा. पाकळ्या नाहीत, ३ ते ५ निदलांचा (कळीला झाकणाऱ्या बाहेरच्या दलांचा) साधा वेढा आहे. आत पिवळट पुंकेसर भरपूर, आणि त्यांचे तंतू पुन्हा पुन्हा फाटे फुटलेले. सुईने एक जुडगा अलग करून भिंगाखाली धरा. झुडपासारखं फांद्याफांद्यांचं ते रूप एकदा पाहिलं की विसरत नाही, आणि वंश पक्का करायला ती मोठी खूण आहे.

मादी फुलात निदलं लवकर गळतात, म्हणून उमलत आलेली कळी घ्या. मध्ये गोल किंजपुट (याचंच पुढे बोंड होतं), त्यावर मऊ काटे, आणि वर तीन किंजल, प्रत्येकाचे दोन फाटे, पिसासारखे. रंग बहुधा लाल, काही झाडांत पिवळसर. आता ब्लेडने किंजपुट बरोबर मधोमध आडवं कापा. तीन कप्पे दिसतील आणि प्रत्येक कप्प्यात एकच बीजक, ज्याची पुढे बी होते. किंजपुट फार लहान वाटलं तर हिरवं बोंड कापा, तीच रचना मोठ्या आकारात मिळते. तीन कप्पे, प्रत्येकी एक : हा आकडा वहीत अधोरेखित करून ठेवा. पुढचा सगळा निकाल त्यावर आहे.

पाचवी पायरी : बी

पिकलेलं बोंड वाळलं की तीन भागांत तडकतं आणि बी दूर उडते. म्हणून वाळत आलेली बोंडं उघड्या ताटात ठेवू नका, कागदी पिशवीत तोंड बंद करून ठेवा.

बीच्या एका टोकाला पांढरट मांसल गाठ असते, तिला कॅरंकल म्हणतात. मुंग्या तिच्यासाठी बी ओढून नेतात. बी रात्रभर पाण्यात ठेवली की ठिपक्यांचं ठिसूळ कवच सोलता येतं. खाली पातळ पापुद्रा, त्याखाली पांढरा तेलकट गर. हा गर म्हणजे भ्रूणपोष. बी चपट्या बाजूला समांतर उभी चिरली तर गराच्या मध्ये दोन कागदासारखी पातळ बीजपत्रं आणि त्यांच्यावरच्या शिरासुद्धा दिसतात. बीजपत्रात नव्हे तर भ्रूणपोषात अन्न साठवणारी द्विदल बी म्हणून शाळेच्या पुस्तकांत एरंडच उदाहरणाला येतो. भिजवलेलं पाणी गुरं-कोंबड्या पिणार नाहीत अशा जागी खड्ड्यात ओता.

रोप पाहायचं असेल तर सप्टेंबरअखेरीस, पावसाचा जोर ओसरल्यावर पेरा. २४ तास भिजवलेली बी तांबडी माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात मिसळून ४ सेंटीमीटर खोल टोका. कुंडीच्या बुडाला भोक असलंच पाहिजे. साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत वाकडा कोंब वर येतो आणि बीजपत्रं जमिनीच्या वर उघडतात. पहिली खरी पानं समोरासमोर जोडीने येतात, त्यानंतरची एकाआड एक. इथे गोंधळू नका. बी सडली तर बहुतेक वेळा कारण एकच : जास्त पाणी.

सहावी पायरी : वर्गीकरणाची शिडी

शब्दांचा एक खुलासा. मराठी पुस्तकांत ‘प्रजाती’ हा शब्द कोणी वंशासाठी वापरतं तर कोणी जातीसाठी. इथे क्रम असा धरला आहे : गण, कुल, उपकुल, ट्राइब, वंश, जाती.

बी फळात बंद आहे, म्हणून आवृतबीज. बीजपत्रं दोन, पानात शिरांचं जाळं, म्हणून द्विदल. बेंथम आणि हूकर यांच्या जुन्या पद्धतीत, जी आपल्या कॉलेजांत अजून शिकवतात, पाकळ्या नसल्यामुळे एरंड मोनोक्लॅमिडी या गटात आणि फुलं एकलिंगी म्हणून त्यातल्या युनिसेक्शुएल्स मालिकेत जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ क्रॉन्क्विस्ट यांनी युफोर्बिएल्स असा वेगळा गण मानला होता. डीएनएवर आधारलेल्या एपीजी पद्धतीत हे कुल माल्पिगिएल्स या गणात आहे. परीक्षेत विचारलेल्या पद्धतीचं उत्तर द्या, नमुन्याच्या लेबलावर मात्र कोणती पद्धत वापरली ते लिहा. तिन्हींत कुल युफोर्बिएसीच राहतं, हे नवशिक्यांचं नशीब.

आता तो अधोरेखित आकडा. आवळा आणि भुईआवळी पूर्वी युफोर्बिएसीतच धरत. एपीजीने त्यांना फिलँथेसी या वेगळ्या कुलात काढलं. हाताने तपासता येणारा फरक असा : फिलँथेसीत प्रत्येक कप्प्यात दोन बीजकं, युफोर्बिएसीत एक. आवळ्याची आठळी फोडून बिया मोजा. तीन कप्प्यांत मिळून सहा निघतील. तुळशीच्या लग्नाला आवळ्याची फळं असलेली डहाळी घरी येतेच, तेव्हा हा प्रयोग उरकून घ्या. एरंडाच्या बोंडात मात्र तीनच. जुन्या पुस्तकातून आणि जुन्या नमुन्यांच्या लेबलांवरून आवळ्याचं कुल उतरवून घेणारे अजूनही पुष्कळ आहेत, म्हणून यावर इतका भर.

उपकुल अॅकॅलिफॉइडी. रबर, मोगली एरंड, टॅपिओका हे क्रोटोनॉइडी उपकुलात, शेर आणि दुधी (भोपळा नव्हे, चिकाचं लहान तण) हे युफोर्बिऑइडीत. ट्राइब अॅकॅलिफी, ज्यात अंगणात उगवणारी खोकली, रानातली शेंद्री आणि वर भेटलेला चांदाडाही येतात. खोकलीच्या मादी फुलाचे झालरीसारखे किंजल भिंगाखाली धरून एरंडाच्या शेजारी ठेवून बघा, नातं पटतं.

वंश रिसिनस. जाती कम्युनिस. लिनियसने १७५३ साली ‘स्पीशीज प्लँटॅरम’मध्ये हे नाव दिलं, म्हणून नावाच्या शेवटी त्याचं आद्याक्षर येतं. या वंशात आज एकच जात मानली जाते. लाल खोडाचा, हिरवा, बिनकाट्यांच्या बोंडाचा, अशा प्रकारांना एकेकाळी रिसिनस विरिडिस, रिसिनस इनर्मिस अशी स्वतंत्र नावं मिळाली होती. ती आता समानार्थी म्हणून जमा आहेत. आयुर्वेदातले श्वेत एरंड आणि रक्त एरंडही याच एका जातीत बसतात. हे सगळे प्रकार एकमेकांशी सहज संकरित होतात, संतती सुपीक असते आणि गुणसूत्रं सगळ्यांची २० च. खोडाचा रंग, मेणाचा थर, बोंडाचे काटे हे आनुवंशिक गुण आहेत आणि वाण ओळखायला उपयोगी पडतात. गुजरातेत १९६८ मध्ये आलेल्या जीसीएच-३ या संकरित वाणापासून पुढचे सगळे वाण अशाच गुणांनी ओळखले जातात. पण वाण निराळा म्हणून जात निराळी होत नाही. मूळ प्रदेश पूर्व आफ्रिका मानतात. नोंद करताना ‘बाहेरून आलेला, फार पूर्वीपासून रुळलेला’ असं लिहा, ‘स्थानिक’ नको.

सातवी पायरी : नमुना वाळवणं

गोव्यात हर्बेरियमचा (वाळवून कागदावर लावलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा) नमुना बिघडतो तो दमटपणामुळे. नुसत्या वर्तमानपत्रात ठेवून गादीखाली दाबला तर चार दिवसांत काळा पडून बुरशी येते.

हर्बेरियमचा कागद साधारण २८ बाय ४२ सेंटीमीटर. एरंडाचं पान त्यात मावत नाही, म्हणून फांदीच्या टोकाकडची लहान पानं घ्या. तरी मोठं वाटलं तर खंड घडी घाला किंवा अर्धं पातं कापा, पण देठ जोडतो ती जागा मात्र अखंड ठेवा. ती कापली तर पान छत्राकृती होतं याचा पुरावाच गेला. एक पान उताणं, एक पालथं दिसेल असं मांडा. खोड आणि दांडा जाड असल्याने उभा चिरून अर्धा भाग घ्या, नाहीतर भोवतीची पानं दाबली जात नाहीत आणि सुरकुततात.

पहिले दोन दिवस कागद सकाळ-संध्याकाळ बदला, पुढे दिवसातून एकदा. नोव्हेंबरनंतर एवढं पुरतं. पावसाळ्यात उष्णता द्यावीच लागते : प्लायवूडच्या खोक्यात तळाला ६० वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे बल्ब, त्यांच्या वर ३० सेंटीमीटरवर पट्ट्यांवर आडवा ठेवलेला दाब (नमुन्याचे कागद दाबून धरणारी चौकट), वर हवा जायला फट. एलईडी बल्ब नकोत, ते पुरेशी उष्णता देत नाहीत. खोकं चालू ठेवून घराबाहेर जाऊ नका, कागद आहे.

नर फुलं वाळताना गळतात, ती छोट्या पाकिटात घालून त्याच कागदावर चिकटवा. काही फुलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये बाटलीत ठेवलीत तर पुढे कधीही उघडून बघता येतील. बिया वेगळ्या पाकिटात, वर ठळक ‘विषारी’. कीड मारायला जुन्या पुस्तकांत मर्क्युरिक क्लोराइडचं द्रावण सांगितलेलं असतं; घरी ते अजिबात वापरू नका. वाळलेला नमुना प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर पाणी सुटतं.

लेबल कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात. शास्त्रीय नाव रोमन लिपीत आणि तिरप्या अक्षरांत, वंशाचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान. त्यापुढे नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचं आद्याक्षर सरळ अक्षरात. मग कुल, गाव आणि तालुका, अक्षांश-रेखांश, जागेचं वर्णन, तारीख, झाडाची उंची, संग्राहकाचं नाव आणि क्रमांक. वाळल्यावर नाहीसं होणारं सगळं इथेच यायला हवं : खोडाचा रंग, मेणाचा थर होता की नाही, किंजलाचा रंग, रस कसा होता. नुसतं ‘रस्त्याकडेला, फोंडा’ लिहिलं तर तो नमुना दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाचा राहत नाही.

पानं अळ्यांनी कुरतडलेली असतील तर नमुना टाकून देऊ नका. कॉमन कॅस्टर आणि अँगल्ड कॅस्टर ही दोन फुलपाखरं एरंडावर अंडी घालतात; उंटअळीही पानं फस्त करते. अळीचा फोटो आणि तारीख लेबलासोबत जोडा. पंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत नोंद द्यायची असेल तर पान, देठाची जोडणी, फुलोरा, आडवं कापलेलं बोंड आणि बी असे पाच फोटो पुरतात, प्रत्येकात फूटपट्टी ठेवून. प्रत्यक्ष नमुना हर्बेरियमला द्यायचा असेल तर एकाच झाडाचे, एकाच क्रमांकाचे दोन कागद तयार करा, एक तिथे द्या आणि एक स्वतःकडे ठेवा. फूल किंवा फळ नसलेला कागद मात्र नेऊ नका. त्यावरून कुल तपासता येत नाही.